चषकावरच्या फुल्या

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या स्टॅन्ली चषकावर दोन ठिकाणी नावाच्या जागी ओळीने फुल्या आहेत. पहिल्या फुल्यांची गोष्ट गमतीची आहे. १९८४ साली एडमंटन ऑइलर्स हा संघ पहिल्यांदा चषक जिंकला. मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी कोरायच्या यादीत गुपचूप आपल्या वडिलांचंही नाव घुसवलं, बेसिल पॉकलिंग्टन. वडिलांचा संघाशी काडीचाही संबंध नव्हता. लीगच्या लक्षात येईपर्यंत नाव कोरून झालं होतं. मग त्यावर सोळा फुल्या ठोकल्या गेल्या, अक्षरागणिक एक. लेकाने बापाचं नाव काढलं असं आपण कौतुकाने म्हणतो. इथे लेकाने घातलेलं बापाचं नाव लीगने काढलं.

दुसऱ्या फुल्या शिकागो ब्लॅकहॉक्सच्या २०१० सालच्या यादीत आहेत. त्या लगेच नाही, अकरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये ठोकल्या गेल्या. त्यांच्याखाली ब्रॅड आल्ड्रिच हे नाव आहे. तो त्या संघाचा व्हिडिओ कोच होता. संघातल्या एका तरुण खेळाडूने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता. व्यवस्थापनाच्या कानावर तो ऐन स्पर्धेत आला होता, आणि चषक हातात येईपर्यंत व्यवस्थापन गप्प बसलं.

या फुल्या चुकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. त्या अपुऱ्या आहेत, आणि अपुऱ्या असूनही हिशेब मिटल्याचा आव आणतात, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते पटवायचं तर आधी या चषकाविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे आइस हॉकी म्हटलं की लडाखची गोठलेली तळी आठवतात, त्यापलीकडे तिच्याशी आपला फारसा परिचय नाही.

कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये दहा गिनी मोजून चांदीचं एक भांडं घेतलं, इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये घडवलेलं. १८९३ मध्ये ते पहिल्यांदा माँट्रियलच्या संघाला मिळालं. त्या भांड्याखाली जोड देत देत आज जवळपास तीन फूट उंचीचं, साडेपंधरा किलोचं एक प्रकरण उभं राहिलं आहे. बहुतेक स्पर्धांत दरवर्षी नवा करंडक घडवतात किंवा जुन्यावर संघाचं नाव घालतात. इथे एकच चषक वर्षानुवर्षं फिरतो आणि त्यावर माणसांची नावं कोरली जातात. हंगामातले निम्मे सामने किंवा अंतिम मालिकेतला एखादा तरी सामना खेळलेल्या खेळाडूचं नाव लागतं. शिवाय जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला उन्हाळ्यात एक दिवस चषक आपल्या गावी नेता येतो. कोणी त्यातून न्याहारी केली आहे, कोणी त्यात लेकराचा बाप्तिस्मा केला आहे.

नावं मावेनाशी झाली की काय करतात, हे मला या चषकातलं सगळ्यात सुंदर वाटतं. खालच्या पिंपासारख्या भागाला पाच रुंद पट्टे आहेत. शेवटचा भरला की सगळ्यात जुना काढतात, बाकीचे वर सरकवतात आणि खाली कोरा पट्टा बसवतात. काढलेला पट्टा टोरंटोतल्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये जातो. ही जागा म्हणजे एका जुन्या बँकेची इमारत, आणि पट्टे ठेवले आहेत तिच्या तिजोरीच्या खोलीत. २०१८ मध्ये असाच एक पट्टा निघाला, १९५४ ते १९६५ चा. त्याच्याबरोबर शिकागोचा १९६१ चा संघही चषकावरून उतरला. बॉबी हल, स्टॅन मिकिता, आणि तोंडावर मुखवटा न घालता सलग ५०२ सामने गोलात उभा राहिलेला ग्लेन हॉल. त्यांच्यावर कोणी फुली मारली नाही. त्यांची पाळी संपली, इतकंच.

तेव्हा या चषकावरचं नाव अमर वगैरे नसतं. साठेक वर्षं टिकतं. तरीही त्या साठ वर्षांसाठी माणसं दात पाडून घेतात, शब्दशः.

शिकागोच्या सन्मानांची यादी मोठी आहे. ती सगळी इथे देण्यात अर्थ नाही. सहा चषक: १९३४, १९३८, १९६१, २०१०, २०१३, २०१५. त्यातला १९३८ चा तर जिंकले १४ आणि हरले २५ अशा हंगामानंतर आलेला. त्या वर्षी कोरणाऱ्याने पीट पालांजिओ या खेळाडूचं नाव दोनदा कोरलं, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. वैयक्तिक पुरस्कार तर ढिगाने आहेत. पण त्यांतल्या एकापाशी मला थांबायचं आहे, कारण पुढच्या वादात तो माझ्या कामाला येणार आहे.

स्टॅन मिकिता मूळचा स्लोव्हाकियाचा. आठ वर्षांचा असताना काका-काकूंबरोबर कॅनडात आला, भाषा येत नव्हती, पोरं चिडवायची. मोठा झाला तो मारामाऱ्या करतच. १९६४-६५ च्या हंगामात त्याला १५४ मिनिटांची शिक्षा झाली होती. आइस हॉकीत आगळीक केली की खेळाडूला मिनिटं मोजून पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात, त्या मिनिटांची ही बेरीज. सांगतात की त्याच्या लहान मुलीने टीव्हीवर सामना पाहताना आईला विचारलं, बाबा सारखे बसून का असतात? दोनच वर्षांनी, १९६६-६७ मध्ये, त्याच्या नावावर उरली फक्त १२ मिनिटं. त्या वर्षी त्याने सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक घेतला, सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक घेतला आणि सभ्य खेळाचा लेडी बिंग करंडकही घेतला. एका हंगामात हे तीनही कोणाला जमले नव्हते. पुढच्या वर्षी त्याने ते पुन्हा तीनही घेतले.

लेडी बिंग करंडक १९२५ पासून आहे. म्हणजे दात पाडणाऱ्या या खेळाने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं की वागणूक ही सन्मानाच्या मोजमापात येणारी गोष्ट आहे. हे ध्यानात ठेवा.

आता २०१०. शिकागो ४९ वर्षं चषकाविना होतं. २३ मे रोजी सॅन होजेला हरवून संघ अंतिम मालिकेत पोचला आणि त्याच दिवशी, सामन्यानंतर लगेचच, व्यवस्थापनाची बैठक भरली. अध्यक्ष जॉन मॅकडोनॉ, जनरल मॅनेजर स्टॅन बोमन, मुख्य प्रशिक्षक जोएल क्वेनव्हिल आणि आणखी काही वरिष्ठ तिथे होते. आल्ड्रिचविषयीची तक्रार त्यांच्यापुढे आली. संघानेच नेमलेल्या वकिलांचा १०७ पानी अहवाल ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला, त्यात या बैठकीच्या वेगवेगळ्या आठवणी नोंदल्या आहेत. कोण नेमकं काय म्हणालं यावर त्यांचं एकमत नाही. संघ इथवर पोचलाय, आत्ता लक्ष विचलित व्हायला नको, असा सूर मात्र त्यांतून निघतो. काय केलं गेलं याबद्दल तर दुमत व्हायला जागाच नाही, कारण पुढचे तीन आठवडे काहीही केलं गेलं नाही. आल्ड्रिच संघाबरोबर राहिला.

९ जूनला फिलाडेल्फियात सहाव्या सामन्याच्या जादा वेळेत पॅट्रिक केनने अवघड कोनातून पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, मारली. ती जाळीच्या तळाशी अशी रुतली की खुद्द केन सोडला तर गोल झाल्याचं कोणाला कळेना. तो एकटाच हातमोजे फेकत धावत सुटला आणि बाकीचे बघत राहिले. ती पक नंतर कुठे गेली, हे तिथल्या चाहत्यांचं आवडतं कोडं आहे. १० जूनला, जल्लोष चालू असताना, आल्ड्रिचने बावीस वर्षांच्या एका प्रशिक्षणार्थी कर्मचाऱ्याशीही गैरवर्तन केल्याचं अहवालात आहे. ११ जूनला मिरवणूक निघाली. शहराच्या अंदाजाने वीस लाख माणसं रस्त्यावर होती. मनुष्यबळ विभागाला तक्रार कळवली गेली ती १४ जूनला.

तेव्हा आल्ड्रिचपुढे दोन पर्याय ठेवले गेले, चौकशीला सामोरा जा नाहीतर राजीनामा दे. त्याने राजीनामा दिला. सोडतानाची रक्कम मिळाली, बाद फेरीचा बोनस मिळाला, विजेत्यांची अंगठी मिळाली. त्याच्या वाट्याचा दिवस म्हणून चषक त्याच्या गावी गेला. आणि त्याचं नाव कोरलं गेलं. पोलिसांना कोणी कळवलं नाही. पुढे तो मिशिगनमध्ये शालेय मुलांच्या हॉकीच्या आसपास वावरत राहिला. १६ वर्षांच्या एका खेळाडूशी केलेल्या लैंगिक गुन्ह्याची त्याने २०१३ मध्ये कबुली दिली आणि नऊ महिन्यांचा तुरुंगवास भोगला. शिकागोच्या प्रकरणात मात्र त्याने जे झालं ते संमतीने झालं असं म्हटलं आहे. न्यायालयात ते कधी तपासलंच गेलं नाही, कारण तपासायची वेळ होती तेव्हा मिरवणूक चालू होती.

ज्या खेळाडूने तक्रार केली तो काइल बीच. २००८ मध्ये शिकागोने त्याला पहिल्याच फेरीत, अकराव्या क्रमांकाने निवडलं होतं. २०१० च्या बाद फेरीत तो वीस वर्षांचा, राखीव फळीत सराव करणारा. एनएचएलचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. पुढे युरोपात, ऑस्ट्रियात आणि जर्मनीत खेळत राहिला. २०२१ मध्ये त्याने निनावी दावा केला, आणि अहवाल आल्यावर दुसऱ्या दिवशी टीव्हीवर येऊन तो मी, असं सांगितलं. त्या मुलाखतीत त्याने मिशिगनच्या त्या मुलाची क्षमा मागितली, आपण आणखी काही करायला हवं होतं म्हणून. क्षमा मागण्याची पाळी कोणावर यायला हवी होती आणि आली कोणावर!

अहवालाच्या त्याच आठवड्यात मालक रॉकी वर्ट्झ यांनी हॉल ऑफ फेमला पत्र लिहून आल्ड्रिचचं नाव काढण्याची विनंती केली. आठवडाभरात फुल्या पडल्या. चषकावर क्रिस व्हर्स्टीग या खेळाडूच्या आडनावातल्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती, तीही याच २०१० च्या यादीत. ती चूक सुधारून घेतली गेली होती. आता या यादीत दुसरी दुरुस्ती झाली. चुकीचं अक्षर आणि चुकीचा माणूस, दोन्ही निस्तरलं. असंच वाटतं ना?

माझा आक्षेप इथून सुरू होतो. त्या यादीत कोण कोण आहे ते पाहा. एका संघाला ठरावीक मर्यादेतच नावं कोरता येतात. त्यातली जवळपास निम्मी बर्फावर पाऊल न टाकणाऱ्यांची असतात. मालक, अध्यक्ष, जनरल मॅनेजर, त्याचे मदतनीस, प्रशिक्षक, खेळाडू हेरणारे, फिजिओ. त्यांची नावं का कोरतात? लीगचं उत्तर सरळ आहे, आणि ते मला मान्य आहे. चषक फक्त स्टिकने जिंकला जात नाही, निर्णयांनी जिंकला जातो. कोणाला निवडायचं, कोणाला पगार द्यायचा, कोणाला कधी काढायचं, हे खोलीत बसून ठरवणाऱ्यांचा त्या चांदीवर हक्क आहे.

ठीक. मग २३ मेचा निर्णयही त्याच खोलीत, त्याच माणसांनी, त्याच चषकासाठी घेतला. २०१० मधला तो सगळ्यात महत्त्वाचा व्यवस्थापकीय निर्णय होता. निर्णयाचं श्रेय चांदीवर कोरून घ्यायचं आणि निर्णयाची जबाबदारी आली की बोट व्हिडिओ कोचकडे दाखवायचं, हे चालणार नाही. फुल्यांनी नेमकं तेच केलं. सगळ्या प्रकरणाचं एका माणसाच्या नावात बोचकं बांधलं आणि त्यावर शिक्का मारला. त्या बैठकीतल्या माणसांची नावं त्याच यादीत स्वच्छ, वाचता येतील अशी उभी आहेत. काइल बीचचं नाव तिथे नव्हतंच, त्यामुळे त्याच्याबाबतीत खोडण्यासारखंही काही नाही.

यावर पहिला प्रतिवाद येतो तो खेळाडूंचा. टेव्ज, केन, डंकन कीथ यांनी घाम गाळून जिंकलेला चषक, त्यांचा काय दोष? मी हा प्रतिवाद हलका मानत नाही. कोणाला तेव्हा किती माहीत होतं याबद्दल ड्रेसिंग रूममध्येच दोन मतं आहेत. बीच म्हणतो सगळ्यांना ठाऊक होतं, काही खेळाडू म्हणतात आम्हाला फार नंतर कळलं. ते आपण इथे बसून ठरवू शकत नाही. म्हणूनच चषक काढून घ्या असं मी म्हणत नाही. केनचा गोल गोलच आहे. पण खेळाडूंच्या घामामागे लपायची सोय व्यवस्थापनाला का मिळावी? शाळेचा निकाल चांगला लागला म्हणून मुख्याध्यापकांचा सत्कार होतो, तेव्हा शाळेत दडपलेल्या तक्रारीबद्दल विचारलं तर मुलांच्या मार्कांकडे बोट दाखवता येत नाही.

दुसरा प्रतिवाद असा की पुरस्कार खेळासाठी असतो, चारित्र्यासाठी नाही. तिथे मिकिता आठवावा. ज्या लीगने शंभर वर्षं सभ्यतेचा वेगळा करंडक दिला, ज्या संघाने मिकिताच्या बारा मिनिटांचं कौतुक करत त्याचा २१ क्रमांक संघात सर्वात आधी निवृत्त केला, त्यांना वागणूक आणि सन्मान वेगळे असल्याचा साक्षात्कार असा सोयीने होऊन चालणार नाही. बर्फावर कोपराने ढुशी दिली तर दोन मिनिटं बसवतात. खोलीतल्या गप्प बसण्याला किती मिनिटं?

किती ते आकड्यात उपलब्ध आहे. लीगने शिकागोला वीस लाख डॉलरचा दंड केला. याच लीगने २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सला पगाराच्या मर्यादेला बगल देणारा करार केल्याबद्दल तीस लाख डॉलरचा दंड ठोठावला होता आणि नवे खेळाडू निवडण्याचे हक्कही काढून घेतले होते. पुढे तो दंड निम्मा केला, ते सोडा. पण पहिल्या रागात कशाची किंमत जास्त लावली गेली ते कळतं. हिशेबातली चलाखी तीस लाखांची, तरुण खेळाडूवरच्या अत्याचाराकडे पाठ फिरवणं वीस लाखांचं. शिकागोचा निवडीचा एकही हक्क गेला नाही.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, संघाच्या एका जाहीर बैठकीत पत्रकाराने वर्ट्झ यांना विचारलं की असं पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करत आहात. ते भडकले, याच्याशी तुमचा काही संबंध नाही म्हणाले. नंतर माफी मागितली. पण आपल्या मते प्रकरण संपलं आहे हे त्या रागात स्पष्ट दिसलं. फुल्या मारून झाल्या होत्या ना.

आपल्याकडे हे वाचताना कुस्तीपटू आठवल्याशिवाय राहत नाहीत. मे २०२३ च्या अखेरीस साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया पदकं घेऊन हरिद्वारला गेले होते, गंगेत सोडायला. शेतकरी नेत्यांनी समजूत काढून परत आणलं. डिसेंबरमध्ये बजरंगने पद्मश्री दिल्लीच्या पदपथावर ठेवली, विनेशने खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार कर्तव्यपथावर सोडले. शिकागोशी ताडून पाहिलं की उलटा आरसा दिसतो. तिथे तक्रार दडपणाऱ्यांनी सन्मान जवळ ठेवला, इथे तक्रार करणाऱ्यांवर आपलं ऐकून घेतलं जावं म्हणून स्वतःचा सन्मान रस्त्यावर ठेवायची पाळी आली. दोन्हीकडे संस्थेला पदक हवं होतं. पदक आणणाऱ्या माणसांचं काय झालं, हे ऐकायला वेळ नव्हता.

मग करायचं काय? बैठकीतल्या सगळ्यांच्या नावावर फुल्या मारा, अशी मागणी करणं सोपं आहे. मला ती पटत नाही. फुलीचा दोष असा की ती नाव झाकते आणि कारण सांगत नाही. शंभर वर्षांनी कोणी ते पट्टे तिजोरीत पाहिले तर त्याला पॉकलिंग्टनच्या फुल्या आणि आल्ड्रिचच्या फुल्या सारख्याच दिसतील. एक बापाच्या लाडाची गोष्ट, दुसरी तीन आठवड्यांच्या मौनाची, आणि चांदीवर दोन्हींची खूण एकच.

खोडण्यापेक्षा लिहावं. हे अशक्य नाही, चषकाला वाक्यांची सवय आहे. १९१९ मध्ये फ्लूच्या साथीने अंतिम मालिका मध्येच थांबली, खेळाडू आजारी पडले, एक दगावला. चषकावर त्या वर्षापुढे दोन्ही संघांची नावं आहेत आणि मालिका पूर्ण झाली नाही असं कोरलेलं आहे. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडू पगारावरून भांडले आणि सगळा हंगाम बुडाला, तर तिथे हंगाम खेळला गेला नाही असं कोरलं आहे. ही दुसरी ओळ २०१० ज्या पट्ट्यावर आहे त्याच पट्ट्यावर आहे. म्हणजे विजय नसलेली, मानाची नसलेली गोष्टही नोंदवायची असते हे या चषकाला ठाऊक आहे. २०१० च्या नावांखाली एक ओळ कोरायला काय हरकत आहे? आणि चांदीवर जागा नसेल तर निदान लीगच्या, संघाच्या, हॉल ऑफ फेमच्या सन्मानयाद्यांत जिथे जिथे २०१० लिहिलं जातं, तिथे २३ मेच्या बैठकीची नोंद हवी. खेळाडूंच्या नावांना धक्का न लावता ते करता येतं.

दुसरी गोष्ट नियमाची. बर्फावर न उतरणाऱ्यांची नावं कोरणं हा हक्क नव्हे, मान समजावा. खेळाडूला किमान सामन्यांची अट आहे. अध्यक्षाला आणि जनरल मॅनेजरला कोणतीही अट नाही, पद हीच पात्रता. त्यांच्या अखत्यारीतली एखादी गंभीर तक्रार उघडी असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत त्यांचं नाव थांबवावं. चांदी कुठे पळून जात नाही. २०१० मध्ये असा नियम असता तर निदान तक्रार दडपण्यात फायदा उरला नसता, आणि या धंद्यात फायदा हीच भाषा लवकर समजते.

काइल बीचचं नाव कोरा, असंही काहींना वाटेल. मी ते सुचवणार नाही. त्याला त्या चषकावर असायचं आहे की नाही, हे त्याला विचारल्याशिवाय परस्पर ठरवणं म्हणजे २०१० मध्ये जे झालं त्याचीच सौम्य आवृत्ती.

बैठकीतल्या माणसांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. अहवाल आल्यावर बोमन यांनी शिकागो सोडलं, क्वेनव्हिल यांनी फ्लॉरिडाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. वरिष्ठ योग्य ती कारवाई करतील अशी समजूत होती, ती चुकीची ठरली, अशा अर्थाचं बोमन यांचं म्हणणं होतं. ते खोटं आहे असं मानायला माझ्याकडे आधार नाही. जुलै २०२४ मध्ये लीगने दोघांनाही पुन्हा काम करायची मुभा दिली. जन्मभर बंदी असावी असं मलाही वाटत नाही. क्वेनव्हिल २०२५ मध्ये अनाहाइमचे प्रशिक्षक झाले.

बोमन त्याआधीच, मुभा मिळाल्याच्या महिन्यातच, एका संघाचे जनरल मॅनेजर झाले होते. त्यांचं पहिलं नाव स्टॅन्ली. वडील स्कॉटी बोमन, प्रशिक्षक म्हणून नऊ चषक जिंकलेला माणूस. त्यांनी १९७३ मध्ये माँट्रियलबरोबर पहिला चषक जिंकला, त्याच वर्षी हा मुलगा झाला आणि त्यांनी त्याला चषकाचंच नाव दिलं. मधलं नाव ग्लेन, तो मुखवटा न घालणारा गोलरक्षक ग्लेन हॉल, त्याच्यावरून. चषकावर स्टॅन बोमन हे नाव तीनदा आहे, २०१०, २०१३ आणि २०१५. जून २०२५ मध्ये त्यांचा नवा संघ अंतिम मालिकेत फ्लॉरिडाकडून ४-२ असा हरला. आणखी दोन सामने जिंकले असते तर ते चौथ्यांदा कोरलं गेलं असतं. तो संघ एडमंटन ऑइलर्स, बेसिल पॉकलिंग्टनच्या सोळा फुल्यांचा.